कार अँप्लिफायरसाठी सोळा व्होल्टची स्वतंत्र बँक: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंद होतात, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकतात आणि आवाज वाढवत नेला तर अँप्लिफायर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ही तक्रार घेऊन दुकानात गेल्यावर बहुधा मोठी बॅटरी किंवा कपॅसिटर सुचवला जातो. मी दोन्ही बसवून पाहिले. माझ्या हॅचबॅकमध्ये एक ओहमवर २००० वॅट आरएमएस (सलग देता येणारी शक्ती) देणारा मोनो अँप्लिफायर आहे आणि हे दोन्ही बसवूनही, गाणे जोरात वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटर ११.१ व्होल्ट दाखवत होता.

त्यानंतर मी जी चूक केली ती सविस्तर सांगतो, कारण व्होल्टेज वाढवायचे म्हटले की बहुतेकांना तोच मार्ग पहिल्यांदा सुचतो. एका कारागिराकडून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) सेन्स वायरमध्ये, म्हणजे रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणाऱ्या तारेत, दोन डायोड घालून घेतले. प्रत्येक डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासते आणि तो ते तेवढे वाढवतो. गाडीचे व्होल्टेज साडेपंधरावर गेले, बेस घट्ट झाला आणि मी समाधानी झालो. तीन आठवड्यांनी बॉनेट उघडले तेव्हा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती, बाजू फुगल्या होत्या आणि पाणी प्लेटांच्या खाली गेले होते. हेडलाइटचे दोन्ही बल्ब त्याच आठवड्यात गेले. लेड-ॲसिड सेल २.४ व्होल्टच्या पुढे गेला की वायू सोडू लागतो. सहा सेलांच्या बॅटरीसाठी ही पातळी १४.४ व्होल्टच्या आसपास येते आणि मी तिला रोज साडेपंधरा व्होल्ट देत होतो. सुटणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो, म्हणजे बॉनेटखाली एक ठिणगी पुरली असती.

पुढे ज्या वायरमननी गाडी पूर्ववत केली, त्यांनी एवढेच सांगितले, “गाडीची बॅटरी गाडीला राहू द्या, गाण्याची वेगळी करा.” हा लेख त्या वेगळ्या बँकेविषयी, म्हणजे फक्त अँप्लिफायरसाठी एकत्र जोडलेल्या सेलांच्या संचाविषयी आहे.

१. आधी प्रवाहाचे गणित करा

डी वर्गाचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के वीज आवाजासाठी वापरतो, असे धरा. २००० वॅट देण्यासाठी त्याला २५०० वॅट लागतात. हे २५०० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर २०८ अँपिअर प्रवाह लागतो; १६ व्होल्टवर तेच काम १५६ अँपिअरमध्ये होते. केबलमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून प्रवाह पाव भागाने कमी झाला तर तीच केबल जवळजवळ ४४ टक्के कमी तापते. १९५० च्या दशकात गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या, त्यामागेही हेच गणित होते.

आता गाडीकडे पाहा. छोट्या गाडीचा अल्टरनेटर बहुधा ७० ते ९० अँपिअरचा असतो आणि ती क्षमता इंजिन वेगात असतानाची असते. सिग्नलला गाडी उभी असताना त्याच्या निम्मीही मिळेल याची खात्री नसते. जुन्या स्कूटरचा दिवा रेस दिली की उजळायचा आणि सोडली की पिवळा पडायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा मुद्दा लगेच कळेल.

बरेचसे अँप्लिफायर ‘अनरेग्युलेटेड’ असतात, म्हणजे मिळणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात त्यांची शक्ती बदलते. १४.४ व्होल्टवर २००० वॅट देणारा असा अँप्लिफायर ११ व्होल्टवर सुमारे ११७० वॅटच देतो. तेव्हा कागदावरच्या वॅटसाठी मोजलेल्या पैशांपैकी बराच भाग केवळ व्होल्टेज पडल्यामुळे वाया जातो. ‘रेग्युलेटेड’ अँप्लिफायरची शक्ती व्होल्टेजप्रमाणे बदलत नाही, तो फक्त प्रवाह कमी-जास्त घेतो. आपला कोणत्या प्रकारचा आहे हे माहितीपत्रकावरून ओळखता येते: १२.६ आणि १४.४ व्होल्टसाठी वेगवेगळे वॅट दिलेले असतील, तर तो अनरेग्युलेटेड आहे.

२. अँप्लिफायरची कमाल मर्यादा तपासा

खरेदीला निघण्यापूर्वी माहितीपत्रकात चालण्याच्या व्होल्टेजची कमाल मर्यादा शोधा. बऱ्याच अँप्लिफायरमध्ये ती १६ व्होल्ट असते, काहींत १८. मर्यादा ओलांडली की चांगला अँप्लिफायर स्वतःला बंद करतो; स्वस्त अँप्लिफायरमध्ये आतले कपॅसिटर किंवा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जातात. ही मर्यादा बँक पूर्ण भरलेली असतानाच्या व्होल्टेजशी जुळवायची असते. नवखे लोक येथेच फसतात, कारण ते बँकेवर छापलेल्या नाममात्र आकड्याकडे पाहून निर्णय घेतात. वर किमान ०.४ व्होल्ट मोकळे ठेवा.

शंभराहून अधिक व्होल्टवर चालणारे कार अँप्लिफायरही जगात आहेत. ६० व्होल्टच्या वरचा डीसी प्रवाह माणसाला जीवघेणा ठरू शकतो, तेव्हा सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

३. सेलची निवड

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर द्यावा. दोन जातींचे सेल विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिली जात लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. तिचा नाममात्र व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण भरल्यावर ३.६५ असतो. पाच सेल एकापुढे एक जोडले की नाममात्र १६ व्होल्ट मिळतात, पण पूर्ण भरल्यावर ते १८.२५ होतात. म्हणून पाच सेलांची बँक १८ व्होल्ट सहन करणाऱ्या अँप्लिफायरलाच जोडावी आणि चार्जर १७.२५ व्होल्टवर थांबवावा, म्हणजे प्रत्येक सेल ३.४५ वर राहतो. हे सेल स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत. मात्र अनेक एलएफपी सेलांसाठी चार्ज करण्याची कमाल तापमानमर्यादा ४५ अंश दिलेली असते. नागपूर किंवा जळगावकडे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत यापेक्षा जास्त तापमान रोजच होते, याचा विचार करूनच निवड करा.

दुसरी जात लिथियम टायटनेट, म्हणजे एलटीओ. यात ऋण बाजूला ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट असते. त्यामुळे सेल जास्त प्रवाह सोसतो, उष्णतेत तुलनेने सुरक्षित राहतो आणि हजारो वेळा भरता येतो. नाममात्र व्होल्टेज २.३ असतो. ४० अँपिअर-तासांचा, जाडजूड नळकांड्यासारखा ‘६६१६०’ आकाराचा सेल कार ऑडिओत प्रसिद्ध आहे. अँप्लिफायरची मर्यादा १६ व्होल्ट असेल तर असे सहा सेल घ्या आणि १५.६ वर थांबा (प्रत्येकी २.६). मर्यादा १८ असेल तर सात सेल घ्या आणि १७.५ वर थांबा (प्रत्येकी २.५). मी सात घेतले आहेत.

सात सेलांची बँक सुमारे ६४४ वॅट-तास साठवते. संगीतात अँप्लिफायर सतत पूर्ण शक्तीवर नसतो; जोरात वाजवले तरी सरासरी कमाल शक्तीच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहते, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे ८०० वॅट. चार्जरकडून ३४० वॅट येत असतील तर बँकेला ४६० वॅटचा भार उरतो आणि ती सव्वा तास आरामात टिकते.

येथे एक सापळा आहे. ज्यांना बँकेला सुपर-कपॅसिटरची जोड द्यायची असते, ते २.७ व्होल्टचे सहा कपॅसिटर असलेला तयार संच आणतात. त्याची मर्यादा १६.२ व्होल्ट आहे. साडेसतरा व्होल्टच्या बँकेला तो जोडला तर फुगून फुटतो. तेथे किमान सात कपॅसिटर हवेत.

४. कागदपत्रे आणि साहित्य

कागदांपैकी हे जवळ ठेवा: अँप्लिफायरचे माहितीपत्रक, सेलचे माहितीपत्रक आणि बिल, गाडीचा फ्यूज-नकाशा असलेले पुस्तक, वॉरंटीच्या अटी, आरसी आणि विमा पॉलिसी.

साहित्यासाठी ही यादी पुरते:

– मल्टीमीटर, शक्यतो किमान-कमाल वाचन साठवणारा.
– डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. बाजारातले बहुतेक स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात आणि गाडीच्या केबलवर शून्य दाखवतात, म्हणून विकत घेताना डीसी अँपिअरची खूण पाहूनच घ्या.
– हायड्रॉलिक क्रिंपिंग यंत्र. विकत घेण्याची गरज नाही. इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची धातूची कडी) दाबून देतात.
– शुद्ध तांब्याची ५० चौरस मिमी केबल, कल्हई केलेले तांब्याचे थिंबल, हीट श्रिंक नळ्या, रबरी ग्रोमेट.
– फ्यूज आणि त्यांची घरे, १० चौरस मिमीची चार्जिंग केबल, २१ वॅटचा इंडिकेटरचा एक बल्ब.
– रबरी हातमोजे, चष्मा आणि मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पाना. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. लिथियम बँकेच्या दोन टर्मिनलमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते.

५. सेल एका पातळीवर आणा, मग बँक बांधा

आलेल्या सेलांचे व्होल्टेज एकेक करून मोजा आणि वहीत लिहा. ज्याचे वाचन इतरांपासून बरेच वेगळे आहे, तो सेल परत करा. उरलेले सगळे ०.०२ व्होल्टच्या आत आणून एक दिवस समांतर जोडून ठेवा. या एका दिवसाच्या धीरामुळे पुढचा बराच त्रास वाचतो: विषम पातळीवरचे सेल एकापुढे एक जोडले तर भरताना एखादा आधीच भरून मर्यादेपार जातो आणि एकूण व्होल्टेज मात्र बरोबर दिसत राहते.

त्यानंतर तांब्याच्या पट्ट्यांनी ते एकापुढे एक जोडा आणि प्रत्येक सेलवर ॲक्टिव्ह बॅलन्सरची (सगळ्या सेलांचे व्होल्टेज सारखे ठेवणाऱ्या सर्किटची) तार न्या. एलएफपी असेल तर बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवून धोका दिसताच वीज तोडणारे सर्किट, हवाच. पण १०० अँपिअरचा बीएमएस मुख्य प्रवाहाच्या वाटेत बसवला तर मोठ्या बेसला तो मध्येच तोडतो. त्यामुळे मी पुढील रचना सुचवतो: बीएमएसचे काम चार्जरच्या बाजूला ठेवा आणि बँक रिकामी होण्यापासून वाचवण्यासाठी अँप्लिफायरची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी बारीक तार) तोडणारा लो-व्होल्टेज रिले लावा. रिमोट वायरमधून प्रवाह नगण्य असतो, म्हणून छोटा रिले पुरतो आणि अँप्लिफायर शांतपणे बंद होतो.

बँक बेकेलाइट किंवा जाड प्लॅस्टिकच्या पेटीत, टर्मिनल झाकून, गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळून बसवा. वेगात ब्रेक लागला तर आठ-दहा किलोची पेटी पुढे फेकली जाते. सबवूफरच्या डब्यावर ती ठेवू नका, कंपनाने नट सैल होतात.

६. चार्जर निवडताना

गाडीच्या १२ व्होल्टमधून बँक भरण्यासाठी प्रवाह आणि व्होल्टेज दोन्हींवर मर्यादा घालता येणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. २० अँपिअर आणि सुमारे १७ व्होल्टचा चार्जर ३४० वॅट देतो. तोटा धरून तो गाडीकडून साधारण २७ अँपिअर घेतो. ८० अँपिअरच्या अल्टरनेटरला हे झेपते. ४० अँपिअरचा चार्जर मोहक वाटतो, पण एसी आणि हेडलाइट चालू असताना गाडीची स्वतःची बॅटरी हळूहळू रिकामी होते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

सहा एलटीओ सेल निवडणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. त्यांची बँक वापरात १३.२ व्होल्टपर्यंत खाली येते आणि अल्टरनेटर १४.४ देत असतो. अशा वेळी साधा, फक्त व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर प्रवाह अडवू शकत नाही. आतल्या कॉइल आणि डायोडमधून वीज सरळ वाहत जाते, तुम्ही लावलेली २० अँपिअरची मर्यादा निरुपयोगी ठरते आणि तो जळतो. सहा सेलांसाठी चढवणारा आणि उतरवणारा, असा दोन्ही कामे करणारा चार्जरच हवा. पाच एलएफपी किंवा सात एलटीओ सेलांची बँक नीट वापरली तर १५ व्होल्टच्या खाली जात नाही, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही.

चार्जर इग्निशनच्या वायरवर चालू होईल असा जोडा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवतो आणि ते चालत्या गाडीतही साडेबारापर्यंत उतरते; केवळ व्होल्टेज पाहून चालू होणारा चार्जर अशा गाडीत गोंधळतो.

७. केबल, थिंबल आणि फ्यूज

५० चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे ०.३४ मिलीओहम असतो. बॉनेटपासून डिक्कीपर्यंतच्या पाच मीटरमध्ये २०० अँपिअरवर एकट्या धन केबलवर ०.३४ व्होल्ट पडतो, परतीचा मार्ग आणि सांधे वेगळे. बँक अँप्लिफायरशेजारी असली की हे अंतर अर्ध्या मीटरवर येते. माझ्या मते वेगळ्या बँकेचा निम्मा फायदा या जवळिकीचा आहे.

‘कार ऑडिओ केबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ केबलींत ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो आणि त्यांची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश असते. एक तंतू ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसले तर केबल परत करा. एवढे मात्र लक्षात घ्या की कल्हई केलेली तांब्याची केबल वरून चंदेरी आणि आत तांबूस असते. वेल्डिंगची तांब्याची केबल उत्तम, लवचीक आणि माफक किमतीत मिळते.

बँकेच्या धन टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. १५६ अँपिअरच्या गरजेला मी २०० अँपिअरचा वापरतो. फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा. लिथियम बँक शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देते आणि कार ऑडिओत वापरला जाणारा स्वस्त एएनएल फ्यूज वितळल्यावरही आत आर्क चालू राहू शकतो. असा मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडणारा टी-वर्गाचा फ्यूज महाग आहे, तरी येथे पैसे वाचवू नका. चार्जरच्या केबलला पुढच्या बॅटरीजवळ ४० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज लावा. घरातला एमसीबी या कामाला वापरू नका.

८. अर्थ (ग्राउंड) आणि आरसीए (सिग्नलची केबल)

अँप्लिफायरचे ऋण टर्मिनल थेट बँकेच्या ऋण टर्मिनलला, धन केबलइतक्याच जाडीच्या केबलने जोडा. बँकेचे ऋण टर्मिनल एकाच ठिकाणी, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला जोडा. हेड युनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) १२ व्होल्टवरच राहते. सिग्नलसाठी हेड युनिट आणि अँप्लिफायर या दोघांचे ग्राउंड एक असावे लागते.

अँप्लिफायरची ऋण केबल सैल झाली तर परतीचा प्रवाह आरसीएच्या बारीक जाळीतून वाट काढतो आणि हेड युनिटमधला ग्राउंडचा धागा जाळतो. त्यानंतर इंजिनच्या वेगासोबत चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ लागते. म्हणून जोडताना ऋण केबल सर्वांत आधी, आरसीए सर्वांत शेवटी. काढताना उलट क्रम.

९. पहिली जोडणी आणि गेन

अँप्लिफायरच्या आतले कपॅसिटर रिकामे असतात आणि धन केबल सरळ टेकवली तर मोठी ठिणगी उडून थिंबलवर खड्डा पडतो. फ्यूज बसवण्यापूर्वी त्याच्या घराच्या दोन टोकांमध्ये २१ वॅटचा बल्ब धरा. तो क्षणभर उजळून विझला तर कपॅसिटर भरले. आता फ्यूज बसवा. बल्ब पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट किंवा उलटी जोडणी आहे, ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता गेन, म्हणजे येणारा सिग्नल अँप्लिफायरने किती वाढवायचा याचे सेटिंग. स्पीकर सोडवून, ५० हर्ट्झचा टोन लावून, आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. हवे असलेले व्होल्टेज म्हणजे वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ: २००० वॅट आणि एक ओहमसाठी ४४.७ व्होल्ट. जुना गेन तसाच ठेवू नका. १४.४ वरून १६.५ व्होल्टवर गेलेला अनरेग्युलेटेड अँप्लिफायर त्याच बनावटीत २६०० वॅटपर्यंत देऊ शकतो आणि २००० वॅटच्या सबवूफरची व्हॉइस कॉइल जळते. जळक्या व्हार्निशचा उग्र वास आला की लगेच बंद करा.

शेवटी खरे गाणे लावून मल्टीमीटरच्या तारांची टोके अँप्लिफायरच्या टर्मिनलवर ठेवा. माझ्याकडे आता जोरदार बेसलाही १५.८ च्या खाली वाचन जात नाही आणि हेडलाइट हलत नाहीत. वाचन जास्त पडत असेल तर केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग फ्यूजच्या दोन बाजूंना, मिलिव्होल्टमध्ये मोजत जा. जेथे आकडा मोठा तेथे सांधा सैल आहे.

१०. विमा, कायदा आणि देखभाल

विमा कंपनीला ही सामग्री लेखी कळवा. मोटार विम्यात इलेक्ट्रॉनिक जोडसामग्रीसाठी आयएमटी (इंडियन मोटर टॅरिफ) २४ ही वेगळी तरतूद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे, ते वाचून ठेवा. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते. मोठा आवाज मोकळ्या जागी किंवा स्पर्धेतच वाजवा.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट पुन्हा आवळा, कारण कंपनाने आणि उष्णतेने ते हमखास सैल होतात. नंतर महिन्यातून एकदा प्रत्येक सेलचे व्होल्टेज वहीत लिहा. एखादा सेल इतरांपासून ०.०५ व्होल्टने दुरावत चालला असेल तर आधी बॅलन्सरची तार तपासा. माझ्या बँकेत चौथ्या सेलच्या तारेचा थिंबल सैल निघाला होता आणि तो पुन्हा दाबल्यावर पुढच्या महिन्यात सातही वाचने जुळली.